महिनाअखेर? अंबाडी आहे ना!

महिन्याची २५ तारीख. पाकीट रिकामं, फ्रीजमध्ये नुसत्या पाण्याच्या बाटल्या आणि बोट पुन्हा त्या ऑर्डरच्या बटणाकडे! थांबा. आज जरा बुलढाणा जिल्ह्याच्या ताटात डोकावू या.

शेगावात गजानन महाराजांचा आवडता नैवेद्य म्हणजे पिठलं, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. जे शेतमजुराच्या ताटात, तेच महाराजांच्याही! आणि ही भाजी करायला तर एकदम सोप्पी.

एक जुडी अंबाडी, चौघांचं जेवण. पानं उकडून पाणी पिळून टाका, म्हणजे जास्तीचा आंबटपणा जातो. मूठभर तूरडाळ आणि तेवढ्याच भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या कुकरला लावा. मग त्यात पानं, मीठ, हळद घालून घोटा. वरून लसूण-लाल मिरचीची चरचरीत फोडणी. डाळ-कण्यांनी भाजी पुरवठ्याला येते. शिवाय ज्वारीत कमी असलेलं लायसिन डाळ भरून काढते.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं आणि शहरात ज्वारी एकदम ‘इन’ झाली. बुलढाण्याच्या शेतांत मात्र तिची बरीचशी जागा सोयाबीननं घेतलीय. आता ती स्वयंपाकघरातूनही गेली, तर कण्या घालायच्या किती, हे सांगणार कोण?

म्हणून आजच गावी फोन लावा. आईला प्रमाण विचारा. ती ‘अंदाजानं’ म्हणेल. तो अंदाज लिहून घ्या!