शरीरशास्त्र : पुस्तक मिटून करावयाचा अभ्यास

मोरगाव-सुपे परिसरात मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी बारावी आणि प्रवेश परीक्षा ओलांडून वैद्यकीय किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात दाखल होतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिला डोंगर उभा राहतो तो शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचा. बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने हे शिक्षण तालुक्यातच आले. विषयाची काठिण्यपातळी मात्र तीच राहिली. बी. फार्म.च्या पहिल्या दोन सत्रांत हा विषय असतो आणि नर्सिंगलाही तो चुकत नाही. एमबीबीएसचे पहिले वर्ष तर जास्तीत जास्त चार प्रयत्नांत उत्तीर्ण व्हावे लागते. त्यामुळे अभ्यासाची चुकीची पद्धत महागात पडू शकते.

वाचले म्हणजे आले असे नव्हे

बहुतेक विद्यार्थी धडा पुन्हा पुन्हा वाचतात आणि ओळी रंगवतात. मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि तो पाठ झाल्याचा भास होतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोडिगर व कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा चार वेळा वाचला; दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर आठवला.

याचा अर्थ सरळ आहे. हृदयातील रक्ताभिसरण शिकून झाले, की पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आकृती काढावी, नावे द्यावीत आणि मगच पुस्तकाशी ताडून पाहावे. जे सुटले तेवढेच पुन्हा वाचावे. हीच उजळणी त्याच संध्याकाळी, दोन-तीन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने करावी. सलग जागरणापेक्षा अशी विभागलेली उजळणी अधिक टिकते.

नावांची फोड करावी

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास लॅटिन-ग्रीक नावांचा धसका असतो. परंतु ही नावे बहुधा वर्णनेच असतात. 'बायसेप्स' म्हणजे दोन शिरांचा, म्हणूनच मराठीत द्विशिर स्नायू. 'ट्रायसेप्स' तीन शिरांचा. 'स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड' हे लांबलचक नाव तर उरोस्थी, जत्रुकास्थी व कानामागील अस्थिभाग या त्या स्नायूच्या जोडणीच्या तीनही जागा सांगून टाकते. अशा मूळ शब्दांची स्वतंत्र वही ठेवल्यास पाठांतराचे ओझे हलके होते.

रचना आणि कार्य एकत्र

दोन्ही विषय वेगळ्या वह्यांत असले तरी शरीरात ते वेगळे नसतात. दंडाच्या हाडामागील खोबणीतून रेडियल मज्जातंतू जातो. हाड तेथे मोडले तर तंतूला इजा होऊ शकते. मग मनगट वर उचलता येत नाही आणि पंजा लोंबकळतो. तंतूचा मार्ग, स्नायूचे कार्य व रुग्णाचे लक्षण या तिन्ही गोष्टी येथे एकाच सूत्रात लक्षात राहतात.

परिचित दाखलाही उपयोगी पडतो. नीरा डाव्या कालव्याचे पाणी फाट्यांतून चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून शेतात जाते. रोहिण्याही तशाच विभागत सूक्ष्म केशवाहिन्यांपर्यंत पोहोचतात. कऱ्हा नीरेला आणि नीरा भीमेला मिळते, तशा नीला एकत्र येत मोठ्या होतात. कालव्याच्या दारांप्रमाणे सूक्ष्म रोहिण्या आकुंचन पावून कोणत्या अवयवाकडे किती रक्त जावे हे ठरवतात. दाखला कोठे अपुरा पडतो, हेही तपासावे : शेतातील पाणी कालव्यात परतत नाही, रक्त मात्र हृदयाकडे परतते.

हाताने शिकावे

मनगटातील आठ अस्थींचा क्रम लक्षात ठेवण्यासाठी सूत्रवाक्य चालते, पण प्रत्यक्ष अस्थी हातात घेऊन ती उजवी की डावी हे सांगता आले पाहिजे. शवविच्छेदनाच्या तासापूर्वी त्या भागाची आकृती पाहून जावे. तेथील देह अनेकदा कोणीतरी केलेले दान असते. त्याचा आदर राखणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. सायंकाळी दोघा-तिघांनी बसून एकमेकांस आळीपाळीने धडा समजावून सांगावा. सांगताना जेथे अडखळायला होते, तेथूनच दुसऱ्या दिवशीच्या अभ्यासाला सुरुवात करावी.