आधी मास्तर घडवा

संपादकांना जालन्याच्या लोखंडावर लेख हवा होता. एमआयडीसीतल्या री-रोलिंग मिल पाहिल्या, भंगार वितळून सळई कशी निघते तेही पाहिलं. पण लेख हाती लागला कुंडलिकेपलीकडे, जुन्या जालन्यात. गांधी चमनजवळ एक निवृत्त शिल्प निदेशक राहतात. त्यांनी आयुष्यभर आयटीआयच्या पोरांना वेल्डिंग शिकवलं. त्यांना ते शिकवायला कुणी शिकवलं, हे विचारलं आणि दुपार तिथेच गेली.

आयटीआय ज्या योजनेखाली चालतात, ती कारागीर प्रशिक्षण योजना देशात 1950 साली आली. निदेशक तयार करणारी पहिली संस्था मात्र त्याआधीच, 1948 मध्ये, बिलासपूरजवळ कोनी इथे निघाली होती. आधी मास्तर, मग वर्ग, हा क्रम लावणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. मुंबईत चुनाभट्टीला याच कामाची केंद्र सरकारची संस्था आहे. आता ती राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था म्हणजे एनएसटीआय, जुन्या लोकांच्या तोंडी अजून एटीआय. कोर्स वर्षाचा. आपला ट्रेड पक्का करायचा आणि जोडीला प्रशिक्षण पद्धती शिकायची. पाठाच्या पायऱ्या चार: तयारी, सादरीकरण, उपयोजन, मूल्यमापन. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला जहाजबांधणीसाठी घाईने कामगार हवे होते, तेव्हा चार्ल्स ॲलन यांनी अशाच चार पायऱ्या रूढ केल्या.

वेल्डिंगमध्ये या पायऱ्यांची खरी कसोटी लागते. आर्क पेटला की उघड्या डोळ्यांनी पाहायची सोय नाही, आणि काळ्या काचेतून नवख्या पोराला पांढऱ्या ठिपक्यापलीकडे काही दिसत नाही. मग प्रात्यक्षिक दाखवायचं कसं?

“मशीन बंद ठेवून,” सर म्हणाले. होल्डरमध्ये 3.15 मिलिमीटरचा रॉड, समोर पट्टी, करंट नाही. रॉड किती कलता धरायचा, कोपर कुठे टेकवायचं, रॉड जळून आखूड होत जातो तसा हात खाली कसा न्यायचा, हे सगळं कोरडंच. मग आर्क पेटवायचा, पेटीवर काडी ओढावी तसा रॉड घासून. रॉडचं टोक आणि पट्टी यांत अंतर ठेवायचं रॉडच्या तारेच्या जाडीइतकं. हात फार खाली गेला की रॉड चिकटतो, वर राहिला की ठिणग्या उडतात आणि आवाज फुटतो. सर बूथकडे पाठ करून उभे राहायचे आणि नुसत्या आवाजावर ओरडायचे, “तीन नंबर, हात खाली घे!”

वीस वर्षं वेल्डिंग केलेल्या माणसाचा हात हे सगळं आपसूक करतो. नेमकं काय करतो, हे मात्र त्याला सांगता येत नाही. सरांनाही येत नव्हतं. आपलंच काम बारीक तुकड्यांत मोडून टाचणात उतरवायला ते निदेशकांच्या कोर्सच्या त्या वर्षात शिकले.

पण ते वर्ष काढणार कोण? मिलमधल्या चांगल्या वेल्डरने पगार सोडायचा, मुंबईत राहायची सोय लावायची, आणि परत आल्यावर हाती येणार ती बहुधा तासिका तत्त्वावरची नेमणूक. 2022 मध्ये शिल्प निदेशकांच्या 1457 पदांची जाहिरात निघाली, यावरून आधीची तूट किती साचली असेल ते कळतं. तासिकेवरचा माणूस बरी नोकरी लागली की जातो. त्याला अडवणार कसं? पोरांना मात्र वर्ष मध्यावर असताना नव्या माणसाची सवय करावी लागते. त्यात आता विजेवरची वाहनं, ड्रोन असे नवे ट्रेड येत आहेत. ते शिकवणाऱ्यांचे हात आधी कुठे तयार होणार? जालन्यात 2018 पासून रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्र आहे, त्याचा अभिमान वाटतोच. निदेशकांचा वर्गही असाच मिलच्या शेजारी भरायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

सरांचा एक जुना विद्यार्थी मिलच्या मेंटेनन्समध्ये आहे. शिकवायची त्याला हौस आहे, पण घरात कमावता तो एकटाच. त्याला वर्षभर पगारी रजेवर पाठवा, परत आल्यावर तो तुमचीच पोरं तयार करील, असं सर दोन मिलमालकांना सांगून आले आहेत. दोघांनीही अजून होकार दिलेला नाही.