गुडघा बदलण्याआधीचे काही आठवडे

गुडघा किंवा खुबा बदलायचे ठरले की घरात चौकशी सुरू होते ती इम्प्लांट कोणत्या कंपनीचे आणि विमा किती देणार याची. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या आहेत का, टाचांच्या भेगा चिघळल्यात का, हे मात्र क्वचितच कोणी पाहते. पहिल्यांदाच सांधा बदललेल्या शंभरांतल्या एक-दोघांना आत खोलवर जंतुसंसर्ग होतो. प्रमाण कमी आहे खरे, पण ज्याला होतो त्याला पुन्हा शस्त्रक्रिया, कित्येक आठवडे अँटिबायोटिक्स आणि कधी बसवलेला सांधा काढून नवा बसवणे, एवढे सगळे सोसावे लागते.

गैरसमज: ऑपरेशन थिएटर चांगले असले की झाले.
थिएटरच्या हवेचे महत्त्व मोठेच आहे. जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात खुबा बदलायला सुरुवात केली, तेव्हा संसर्गाने त्यांना हैराण केले होते. हवा गाळून आत सोडायला लागल्यावर तो बराच घटला. पण जंतू अनेकदा रुग्णाच्याच अंगावरून येतात. साधारण तिघांपैकी एकाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू काहीही त्रास न देता राहत असतो. तो सांध्यापर्यंत पोचला तर धातूवर आणि प्लॅस्टिकवर चिकट थर करून बसतो. तिथे रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशी आणि औषध दोन्ही कमी पडतात. म्हणून अनेक ठिकाणी आधी नाकाचा स्वॅब घेतात. जंतू सापडला तर पाच दिवस नाकात म्युपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडीनच्या द्रावणाने आंघोळ सांगतात. ही आंघोळ उरकून टाकायची गोष्ट नाही. काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या नीट धुवायच्या असतात.

गैरसमज: घरूनच पायाचे केस काढून गेलेले बरे.
हा हट्ट सोडा. वस्तऱ्याने किंवा रेझरने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतू तिथेच वाढतात. केस काढू नयेत, काढावेच लागले तर क्लिपरने काढावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. ते काम रुग्णालयावर सोडा.

गैरसमज: आज सकाळची साखर चांगली आहे, मग काळजी कसली?
उपाशीपोटी ११० आली म्हणून निर्धास्त होऊ नये. एचबीए१सी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. तो आकडा साडेसात-आठच्या वर असेल तर अनेक सर्जन थांबायला सांगतात. दोन दिवस गोड बंद करून तो खाली येत नाही.

गैरसमज: सिगारेट ओढत नाही, नुसती मिशरी लावते.
आपल्याकडे हे उत्तर फार ऐकू येते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, मग ते धुरातून येवो की मिशरीतून. जखमेला रक्त कमी मिळाले की ती उशिरा भरते. किमान चार आठवडे आधी तंबाखू सर्व रूपांत बंद हवी.

गैरसमज: अँटिबायोटिक जितके जास्त दिवस, तितके सुरक्षित.
महत्त्व वेळेला आहे. सेफॅझोलिनसारखे औषध साधारणपणे चिरा देण्यापूर्वीच्या तासाभरात शिरेतून देतात. २४ तासांनंतर ते चालू ठेवल्याने संसर्ग आणखी कमी होत नाही, जंतू मात्र औषधाला सरावतात. लघवीत जंतू दिसले पण जळजळ, ताप असे काही नाही, तर त्यासाठीही सहसा औषध लागत नाही. मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या आणून खाणे तर अजिबात नको.

दुखण्यापासून आराम म्हणून गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल, तर त्यानंतर तीन महिने तरी शस्त्रक्रिया टाळतात. वजन घटवायचे म्हणून ऐनवेळी उपास करू नका, जखम भरायला प्रथिने लागतात. स्थूल माणसाचेही पोषण कमी असू शकते. संधिवाताची औषधे आपणहून बंद करू नका. मेथोट्रेक्सेट सहसा चालू ठेवतात, बायोलॉजिक इंजेक्शनांचे वेळापत्रक मात्र डॉक्टरच बदलतात.

मुहूर्त पाहिलेला असतो, मुलाने रजा काढलेली असते आणि डॉक्टर तारीख पुढे ढकलतात, तेव्हा राग येतो. पण झिजलेला गुडघा बदलणे ही सहसा तातडीची शस्त्रक्रिया नसते. दाढेत पू, पायावर फोड, ताप, यांपैकी काहीही असेल तर तारीख जाईल म्हणून लपवू नका. भरती होण्याआधीच फोन करून सांगा.