मान महापौराचा, कारभार सभागृहाचा

आपला माणूस मानाच्या खुर्चीवर बसला की दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. एक म्हणते, परिवर्तन झाले. दुसरी म्हणते, शोभेचा बाहुला बसवला. दोन्हींत विचार कमी आहे. खुर्चीला अधिकार कोणते आणि बसणाऱ्यामागे संघटना कोणती, हे पाहिल्याशिवाय पदाचे मोल कळत नाही. या दृष्टीने लंडनमधील बॅटरसीच्या महापौरपदाचा इतिहास तपासण्याजोगा आहे.

थेम्सच्या दक्षिण काठावरचे बॅटरसी म्हणजे रेल्वे, कारखाने आणि कामगारांची दाट वस्ती. 1899 च्या कायद्याने लंडनमध्ये 28 बरो परिषदा, म्हणजे स्थानिक नगरसभा, स्थापन झाल्या. बॅटरसी त्यांतली एक. परिषद दरवर्षी आपला महापौर निवडी. तो सभेचे अध्यक्षस्थान घेई, मते समसमान पडली तर निर्णायक मत देई आणि समारंभात गळ्यात पदाची साखळी घाली. पण घरे बांधणे, रस्ते करणे, नोकरांची मजुरी ठरवणे ही कामे परिषदेची व तिच्या समित्यांची. मान महापौराचा, कारभार सभागृहाचा.

बॅटरसीच्या कामगार संघटनांनी हे नेमके ओळखले. उदारमतवाद्यांशी आघाडी करून त्यांनी सभागृहच हाती घेतले. कंत्राटदाराला बाजूला सारून परिषदेच्या स्वतःच्या कामगारांकडून लॅचमिअर वसाहत बांधून घेतली. ती 1903 मध्ये खुली झाली. 1906 मध्ये लॅचमिअर प्रभागातूनच जॉन रिचर्ड आर्चर निवडून आले. वडील बार्बाडोसचे कृष्णवर्णीय, आई आयरिश, व्यवसाय छायाचित्रकाराचा.

10 नोव्हेंबर 1913 रोजी आर्चर महापौर झाले. मते पडली 40 विरुद्ध 39. वृत्तपत्रांनी त्यांची धोरणे सोडून त्यांचा जन्म शोधायला सुरुवात केली. कोणी तर त्यांना थेट रंगूनला जन्माला घातले. आर्चर यांनी भर सभेत उत्तर दिले, की आपण लिव्हरपूल नावाच्या एका अपरिचित खेड्यात जन्मलो! आईविषयी त्यांनी अभिमानाने सांगितले. कर्तृत्वाआधी ‘कुठले? कोणाचे?’ विचारण्याची ही रीत आपल्या परिचयाची आहे. लंडनमधील ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. इंग्लंडमध्ये थेटफर्डला डॉ. अ‍ॅलन मिन्स 1904 मध्येच त्या पदावर बसले होते.

वर्षभराने साखळी उतरली, काम थांबले नाही. 1918 मध्ये आर्चर आफ्रिकन प्रोग्रेस युनियनचे अध्यक्ष झाले. 1922 मध्ये ते मुंबईत जन्मलेल्या शापूरजी सकलातवालांचे निवडणूक प्रतिनिधी बनले. एका कृष्णवर्णीयाने आखलेल्या प्रचारातून उत्तर बॅटरसीच्या गोऱ्या कामगारांनी एका भारतीय साम्यवाद्याला संसदेत पाठवले. पुढे मजूर पक्षाने साम्यवाद्यांशी नाते तोडले आणि 1929 मध्ये आर्चर सकलातवालांच्या विरोधी उमेदवारासाठी राबले. वर्णाचे नाते राजकीय मतभेद पुसत नाही, हेही यातून शिकावे. 1932 मध्ये आर्चर वारले. 1965 मध्ये बॅटरसी परिषदच वॉन्ड्सवर्थमध्ये विलीन झाली आणि तिचे महापौरपद संपले. लॅचमिअरची घरे मात्र उभी राहिली.

आपल्याकडे 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरसेवकांच्या जागांबरोबर अध्यक्ष-महापौरपदांतही अनुसूचित जाती-जमातींच्या आरक्षणाची वाट खुली केली. हा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. परंतु महाराष्ट्रातील महानगरपालिकांत कार्यकारी अधिकार शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे आहेत, आणि खर्चाच्या नाड्या स्थायी समितीकडे. म्हणून सोडतीत आपले आरक्षण निघाले तर हलगी जरूर वाजवावी. पण दुसऱ्या दिवशी स्थायी समितीत कोण बसले, वस्तीच्या नळासाठी किती तरतूद झाली, सफाई कामगार कायम की कंत्राटी, हे विचारणारी संघटना हवी. ती नसेल तर खुर्चीवरचा माणूस एकटा पडतो; आणि एकट्या माणसाच्या गळ्यात साखळी फक्त जड होते.