सनई-बासरी तडकली? फेविक्विक ओतण्याआधी हे वाचा

यवतमाळ : मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की जिल्ह्यात विहिरी आटतात, तशीच लाकडी-बांबूची वाद्यंही सुकतात. भजनी मंडळातली बासरी उभी तडकते, सनईला बारीक चीर जाते, बँडवाल्याच्या क्लॅरोनेटची गादी गळून पडते. नेमकी लग्नसराई सुरू असते, सुपारी घेतलेली असते. मग किराणा दुकानातून फेविक्विकची छोटी ट्यूब येते आणि सगळ्या दुखण्यावर तेच औषध लागतं. अर्ध्या वेळा वाद्य तिथेच कायमचं बिघडतं.

गोंद किती घट्ट धरतो, हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं ते हे, की हा जोड पुन्हा कधी उघडावा लागणार आहे का?

बासरीची चीर उघडायची नसते. तिथे पातळ फेविक्विक चालतं, कारण ते चिरेत आपोआप शिरतं. पण बासरीला आतून तेल दिलेलं असतं आणि तेलावर कुठलाच गोंद धरत नाही. म्हणून आधी चीर स्पिरिटने पुसून सावलीत पूर्ण वाळू द्यावी. उन्हाळ्यात चीर रुंद झाली असेल तर दाबून जबरदस्तीने मिटवू नये. बांबू ताणाखाली राहतो आणि शेजारी दुसरी चीर पडते. त्यापेक्षा बांबूचाच बारीक भुसा चिरेत भरून वरून थेंब थेंब गोंद सोडावा. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून दोन्ही बाजूंना नायलॉनचा दोरा घट्ट गुंडाळावा. खरा आधार त्या दोऱ्याचा असतो. नवं तेल त्यानंतरच.

इथे एक धोका, आणि आपल्या कापसाच्या जिल्ह्यात तो जास्तच. सांडलेलं फेविक्विक कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नका. कापसाला लागताच ते झपाट्याने घट्ट होतं आणि इतकं तापतं की हात भाजतो, कधी धूरही निघतो. डोळ्यात उडालं तर पापण्या ओढू नका; पाण्याने धुऊन थेट दवाखाना गाठा.

सनईचं लाकूड फुटून दोन तुकडे झाले असतील तर सुताराचा पांढरा फेविकॉल कामाचा. मात्र फुंकताना नळीत तोंडाची वाफ साचते, साधा फेविकॉल ओलाव्याने सैल पडतो. पाण्याला टिकणारा मरीन प्रकार घ्यावा आणि एक रात्र दोरीने आवळून ठेवावा. खालचं पितळी तोंड मात्र चिकटवूच नये. पितळ आणि लाकूड सारखं फुगत-आकसत नाहीत. दोरा आणि मेणावर बसवलेलं बरं. तेही उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण ६२-६४ अंशांना वितळतं आणि त्याच्या आधीच मऊ पडतं. जिव्हाळीला तर गोंद लागतच नाही, ती दोऱ्याने बांधायची वस्तू आहे.

क्लॅरोनेटची गोष्ट उलटी. चावीखालची गादी भोकावर सपाट बसली नाही तर हवा गळते आणि खालचे सूर लागत नाहीत. ती बसवताना दोन-तीनदा सरकवावी लागते, पुढे बदलावीही लागते. म्हणून जगभरचे कारागीर तिथे चपडा लाख वापरतात. लाख म्हणजे आपल्या धुऱ्यावरच्या पळसावर, बोरीवर जो किडा वाढतो त्याचीच देणगी. गरम केली की मऊ, थंड झाली की टणक. चावी थोडी शेकली की गादी सुटते. ज्योत मात्र वाद्याच्या अंगाला लागू देऊ नये. चावी काढून शेकणंच बरं. तिथे फेविक्विक घातलं तर गादी वाकडी ती वाकडीच राहते, आणि थेंब चावीच्या सांध्यात गेला तर चावीच जाम.

दोन भाग जिथे एकमेकांत बसतात तिथलं बूच सुटलं असेल तर चपला सांधायला वापरतात ते रबर सोल्युशन पुरतं. दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. जुनं बूच पुढे सहज खरवडून निघतं.

एम-सील पाइपासाठी ठीक. बासरीवर त्याचा गोळा बसला की तोल जातो, बोटं अडतात.

चीर फुंकायच्या भोकाच्या कडेतून गेली असेल तर वेळ घालवू नये. ती कड किंचित जाड झाली तरी आवाज फाटतो. तिथे नवी बासरी घेतलेलीच स्वस्त पडते.