वार ठरलेली गोळी

बेंगळुरूत संधिवाताच्या डॉक्टरांकडून मिळालेली आमवाताची चिठ्ठी पाहिली, तर तिच्यावर बहुतेक वेळा एक नाव सापडतं: मेथोट्रेक्सेट. पुढे ‘रोज’ नसतं, वार असतो. बेळगाव-निपाणीहून रात्रीच्या गाडीनं आलेला मराठी पेशंट इथेच चक्रावतो. एवढी बोटं सुजलीत, सकाळी तासभर मूठ वळत नाही, आणि गोळी आठवड्यातून एकदाच?

आमवातात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चाल करून जाते. पेनकिलरनं ठणका कमी होतो, पण हाडं झिजायची थांबत नाहीत. वर्षानुवर्षं घेतल्यास पोट आणि मूत्रपिंडं मात्र धोक्यात येतात. मेथोट्रेक्सेट ती चालच रोखतं. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर डॉक्टर थोडं स्टेरॉइड देतात. लोकांचा धीर सुटतो तो याच काळात. मग कुणीतरी हमखास गुण देणारी पुडी आणून देतं. तिनं दोन दिवसांत बरं वाटलं तर मी आधी शंकाच घेईन, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

या गोळीची कुळकथा मुंबईतल्या परळपर्यंत जाते. 1928 मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना गंभीर रक्तक्षय का होतो, हे तिला शोधायचं होतं. यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइट या स्वस्त पदार्थानं त्या बायका सुधारल्या, आणि 1931 मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. मार्माइटमधला तो गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक अ‍ॅसिड. ते प्रयोगशाळेत तयार केलं अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या चमूनं, आणि चमूचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच चमूनं मग फॉलिक अ‍ॅसिडची वाट अडवणारी रसायनं बनवली. सिडनी फार्बर यांनी त्यांतलं अ‍ॅमिनोप्टेरिन रक्ताच्या कर्करोगानं आजारी मुलांना दिलं. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच भावंड.

सुब्बाराव 1948 मध्ये गेले. 1951 मध्ये अ‍ॅमिनोप्टेरिनचा आमवातावर उपयोग होतो असं दिसलं होतं, पण तेव्हा सगळे कॉर्टिझोन या स्टेरॉइडवर भाळलेले होते. त्यावरच्या संशोधनाला 1950 चं नोबेल मिळालं होतं. मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती 1988 मध्ये.

आज डॉक्टर या गोळीसोबत, बहुधा वेगळ्या दिवशी, फॉलिक अ‍ॅसिडही देतात. म्हणजे जे अडवायचं तेच पुरवायचं! पण आमवातासाठीच्या कमी मात्रेत दाह शमतो तो बराचसा अ‍ॅडेनोसिन या दुसऱ्याच पदार्थामुळे, असं मानलं जातं. त्यामुळे फॉलिक अ‍ॅसिडनं तोंड येणं, मळमळ यांसारखे त्रास कमी होतात आणि गुण टिकून राहतो.

चुकून रोज घेतली तर मात्र हीच गोळी जीवघेणी ठरते. अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणंच मंदावतं. म्हणून वार घरातल्या आणखी एकाला ठाऊक असावा. ठरावीक काळानं रक्ताची आणि यकृताची तपासणी हवी, दारू टाळावी. गर्भाला ही गोळी घातक असल्यानं मूल हवं असेल तर काही महिने आधीच डॉक्टरांशी बोलावं. उतारवयातल्या गुडघ्यांच्या झिजेवर मात्र हे नेहमीचं औषध नव्हे. तिथे वजन, मांड्यांचे व्यायाम आणि वेदनाशामक मलम यांवरच भर असतो.

मेथोट्रेक्सेटनं भागत नाही तेव्हा जैविक इंजेक्शनं येतात. बेंगळुरूच्या बायोकॉननं क्यूबातल्या संशोधकांच्या साथीनं विकसित केलेल्या अशाच एका इंजेक्शनाला, इटोलिझुमॅबला, 2013 मध्ये भारतात सोरायसिससाठी परवानगी मिळाली. आमवातावरही त्याची चाचणी झाली. तिचा अहवाल 2016 मध्ये आला, आणि लेखकांत पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व बेंगळुरूचे डॉ. एस. चंद्रशेखर होते.  त्या चाचणीतही नवं इंजेक्शन मेथोट्रेक्सेटच्या जोडीनंच दिलं होतं.

अशा महागड्या इंजेक्शनांपैकी टीएनएफ हा दाह वाढवणारा पदार्थ रोखणाऱ्या गटाबद्दल आपल्याकडे एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. शरीरात दबून असलेला क्षय त्यांनी उसळू शकतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करतात. सुप्त क्षय आढळला, तर त्यावरचा उपचार आधी सुरू होतो आणि इंजेक्शन काही आठवडे थांबतं.