शुद्धिपत्राची शिस्त

छापून झालेल्या पुस्तकात चूक सापडली तर प्रकाशक शुद्धिपत्र जोडतो; लेखकाला एखादे प्रकरणच नव्याने लिहावेसे वाटले तर त्याने दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहायची. १९९३पासून स्वयंसेवकांच्या बळावर चाललेली ‘डेबियन’ ही मुक्त संगणकप्रणाली हाच भेद पाळते, आणि पुष्कळच कडकपणे.

डेबियनची ‘स्थिर’ आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते. ती निघाली की तिच्यातले हजारो प्रोग्राम जवळजवळ गोठतात. पुढे एखाद्यात दोष आढळला तरी मूळ लेखकाचा ताजा प्रोग्राम सहसा जसाच्या तसा घेतला जात नाही. त्याची देखभाल करणारा स्वयंसेवक त्यातली नेमकी दुरुस्ती वेगळी काढतो, जुन्या प्रोग्रामात बसवतो आणि कोणती ओळ गेली, कोणती आली, हे प्रकाशन-गटापुढे मांडतो. दोष गंभीर हवा. शिवाय तो आधी ‘अस्थिर’ शाखेत दुरुस्त झालेला हवा. मंजुरीनंतरही दुरुस्ती ‘प्रस्तावित’ कप्प्यात थांबते आणि पुढच्या ठरावीक सुधारित संचातून बाहेर पडते. (सुरक्षेच्या तातडीच्या दुरुस्त्यांची वाट निराळी.) ‘जाता जाता हेही सुधारले’ याला थारा नाही. डेबियनवरच बेतलेल्या उबुंटूच्या अर्जात तर ‘यातून कुठे बिघडू शकेल?’ असा रकानाच आहे, आणि ‘कुठेच नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही.

मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ या प्रोग्रामात कोणीतरी लपवलेला चोरदरवाजा उघड झाला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने खोदून पाहिले म्हणून तो सापडला. तोवर तो डेबियनच्या चाचणी शाखेत पोचला होता; स्थिर आवृत्तीत नव्हता. तिला दक्षतेने नव्हे, संथपणाने वाचवले, असे मला वाटते.

मात्र या संथपणाची किंमत मूळ लेखक मोजतो. ‘एक्सस्क्रीनसेव्हर’चे कर्ते जेमी झाविन्स्की यांच्याकडे, त्यांनी केव्हाच दुरुस्त केलेल्या दोषांच्या तक्रारी येत राहत. वैतागून त्यांनी प्रोग्रामातच ‘ही प्रत फार जुनी झाली’ अशा अर्थाची सूचना पेरली. २०१६मध्ये ती डेबियन वापरणाऱ्यांच्या पडद्यावर झळकली आणि वाद पेटला. माझा प्रोग्राम ताजा ठेवा, नाहीतर काढून टाका, असे त्यांचे म्हणणे होते. परवाना मुक्त असल्याने तशी सक्ती त्यांना करता येत नव्हती. पण बोल लागत होता तो त्यांच्याच नावाला, हेही खोटे नव्हते. हा पेच नियमांत सुटलेला नाही. एक्सस्क्रीनसेव्हर त्यानंतरच्या स्थिर आवृत्त्यांतही राहिला.